वाचक विचारतात : पियानो टीचरनं कॉन्फरन्सला जाऊन करायचं काय?

मागच्या वेळी म्युझिक टीचर्सच्या कॉन्फरन्सबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही जणांनी तर आपली सगळी शिकवणीच लिहून पाठवलीये. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्या प्रश्नांमध्ये बाकीच्यांचे प्रश्न पण येऊन जातात असे घेतलेत. लांबलचक पत्रं थोडी कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी ११ वर्षं घरीच पियानो शिकवते, सध्या २३ स्टुडंट्स आहेत. चार दिवस कॉन्फरन्सला जायचं म्हणजे आठवड्याभराचे लेसन्स हलवायचे, पालकांची तोंडं वाकडी होणार ते वेगळंच. खरं सांगू का, मला वाजवता येतं, शिकवता येतं, मुलं ग्रेड एक्झामला चांगल्या मार्कांनी पास होतात. मग तिथे जाऊन नवीन काय मिळणार? यूट्यूबवर सगळं आहेच की.

उत्तर : यूट्यूबवर सगळं आहे हे मान्य, मी पण रात्री बघत बसते. पण मला एक सांगा, या ११ वर्षांत तुम्ही दुसऱ्या कुणाला पूर्ण लेसन घेताना किती वेळा बघितलंय? म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ नाही, खरा लेसन, ज्यात मूल जांभया देतंय, घरी प्रॅक्टिस केलेली नाहीये, चौथ्या बारला दर वेळी अडतंय, असा. आणि तुम्हाला शिकवताना कुणी बघितलंय? आपलं कामच विचित्र आहे बघा. शाळेतल्या टीचरला निदान स्टाफरूम असते, आपल्याकडे एक खोली, एक पियानो, एक मूल आणि लावलेलं दार. त्यामुळे आपण शिकवतो ते बहुतेक आपल्या टीचरनं जसं शिकवलं तसं, त्यांच्या चुकांसकट, आणि त्या चुका आहेत हे सांगायला कुणी नसतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात थोडा तोराच होता. एका सेशनमध्ये एक बाई स्टेजवर सात-आठ वर्षांच्या मुलीचा लेसन घेत होत्या. मुलीनं एक बार चुकीचा वाजवला आणि थांबली. बाई गप्प. मी खुर्चीत बसून मनातल्या मनात तोवर तीनदा बोलून मोकळी झाले होते, शार्प बघ, चौथं बोट कुठेय, चल परत पहिल्यापासून. बाई अजून गप्प, चेहरा पण हलत नाही. मुलीनं पानाकडे बघितलं, मान वाकडी केली, हळूच परत वाजवलं आणि बरोबर आलं. मग बाईंनी एवढंच विचारलं, "आता काय बदललंस?" आणि मुलीनं सांगितलं. बस, एवढंच. घरी येऊन मी माझा एक अर्ध्या तासाचा लेसन फोनवर रेकॉर्ड केला आणि नंतर घड्याळ लावून ऐकला, तर मूल वाजवत होतं साधारण अकरा मिनिटं आणि उरलेला वेळ मी बोलत होते! अर्धं तर मी तेच तेच बोलत होते. हे मला कुठल्याही व्हिडिओनं दाखवलं नसतं, कारण व्हिडिओ बघताना मी स्वतःला त्या खुर्चीत बसवतच नाही.

आणि ही गरज काही आजची नाही. अमेरिकेत १८७६ साली ओहायोमधल्या डेलावेअर गावात थिओडोर प्रेसर नावाच्या म्युझिक टीचरनं ६२ सहकाऱ्यांबरोबर म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन सुरू केली. टेलिफोनचं पेटंट पण त्याच वर्षीचं, म्हणजे एकमेकांना फोन करून रडता येण्याआधीच टीचर लोकांना एकत्र बसायची गरज वाटली होती. याच प्रेसरनं पुढे १८८३ साली टीचर्ससाठी मासिकही काढलं, त्यामुळे आपलं आणि मासिकवाल्यांचं नातं जुनं आहे असं समजायला हरकत नाही.

लेसन्सचं म्हणाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना जो सुट्ट्यांचा कागद देता त्यात हे दिवस टाकून द्या. ऐनवेळी सांगितलं की नाराजी होते, आधी सांगितलं की कुणी काही बोलत नाही.

प्रश्न : नुसत्या पियानोवाल्यांच्या कॉन्फरन्सला जावं की सगळ्या म्युझिक टीचर्सच्या? आणि एकाच वेळी पाच-सहा सेशन्स चालू असतात म्हणे, मग निवडायचं कसं? मी गेल्या वेळी नुसती धावत होते, प्रत्येक सेशन अर्धं बघितलं.

उत्तर : दोन्हीचा स्वाद वेगळा. युरोपियन पियानो टीचर्स असोसिएशन (१९७८ साली कॅरोला ग्रिंडीया या टीचरनं सुरू केलेली) किंवा अमेरिकेतली दर दोन वर्षांनी होणारी कीबोर्ड पेडगॉजीची (म्हणजे पियानो कसा शिकवायचा याची) कॉन्फरन्स, इथे सगळं आपल्या कामाचंच असतं, फिंगरिंग, पेडल, मेथड बुक्स, साइट रीडिंग. उलट १९५३ पासून चालत आलेल्या इंटरनॅशनल सोसायटी फॉर म्युझिक एज्युकेशनच्या जागतिक कॉन्फरन्समध्ये शाळेतलं संगीत, कॉयर, संशोधन असं काहीही असतं आणि पियानोवाल्याला आधी वाटतं की आपण चुकीच्या लग्नाला आलो. पण माझं मत विचाराल तर तीन वेळा पियानोच्या कॉन्फरन्सला गेलात की एकदा तरी दुसरीकडे जाच. माझ्या एका स्टुडंटचा ऱ्हिदम काही केल्या बसत नव्हता, मेट्रोनोम (टिकटिक करून ताल देणारं यंत्र) लावला की आणखी बिघडायचा, पियानोच्या सेशन्समध्ये सगळे मला मेट्रोनोमच सांगत होते. मग एका डालक्रोझ पद्धतीच्या (अंगाच्या हालचालीतून ताल शिकवायच्या) वर्कशॉपमध्ये आम्हाला बूट काढून खोलीभर चालायला लावलं, पावलं क्वार्टर नोटवर आणि टाळ्या एट्थ नोटवर (म्हणजे दुप्पट वेगानं), मग उलट. डालक्रोझ जिनिव्हाच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवायचे, त्यांना पण हेच दिसलं होतं की मुलांची बोटं धावतात पण ताल अंगात नाही, म्हणून त्यांनी मुलांना उठवून चालायला लावलं. मी घरी येऊन त्या मुलाला पियानोवरून उठवलं, महिनाभर प्रत्येक लेसनची पहिली पाच मिनिटं नुसतं चालणं. झाला की हो ऱ्हिदम. पूर्ण नाही, पण झाला.

निवडायचं कसं, तर वेळापत्रक आलं की त्यातली छान छान नावं वाचू नका. आधी कागदावर तुमच्या तीन स्टुडंट्सची नावं लिहा ज्यांच्यापुढे तुम्ही सध्या हात टेकलेत. एक वाचतच नाही, पाठ करून वाजवतो, एकीचं मनगट दगडासारखं, एक चौदा वर्षांचा ज्याला सोडून द्यायचंय, असे. आता त्या तिघांसाठी सेशन निवडा. बाकी सोडा, खरंच सोडा. आपल्याला जे आधीच चांगलं येतं त्याच विषयाच्या सेशनला जाऊन मान डोलावत बसायची आपल्या सगळ्यांना सवय आहे, छान वाटतं पण मिळत काही नाही. पब्लिशरच्या शोकेसला जरूर जा, नवीन पीसेस कानावर पडतात, फक्त ती विक्री आहे हे ध्यानात ठेवून जा, तिथे प्रत्येक पुस्तक सोपं आणि मजेदारच असतं. आणि मैत्रीण बरोबर असेल तर एकत्र बसू नका, वेगवेगळ्या सेशन्सना जा आणि रात्री एकमेकींना सांगा.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, शिकवायला लागून दोनच वर्षं झालीत. कॉन्फरन्सला सगळे डिप्लोमावाले, मोठमोठे लोक. मला कुणाशी बोलायलाच भीती वाटते, ताई. एक्झिबिट हॉलमध्ये नुसती फिरत राहते.

उत्तर : अगं, एक्झिबिट हॉलमध्ये फिरणारे अर्धे लोक त्याच कारणासाठी फिरत असतात, मी पण फिरलेय. स्वतःची ओळख करून देत बसू नकोस, तुझा एखादा अडलेला स्टुडंट सांग. "माझ्याकडे एक नऊ वर्षांचा आहे, डावा हात वाचतच नाही, तुम्ही काय करता?" एवढं विचारलंस की तीस वर्षं शिकवणारी बाई पण अर्धा तास बोलते, थांबवावं लागतं. मास्टरक्लासला (मोठे पियानिस्ट सगळ्यांसमोर एकेकाला शिकवतात तिथे) पुढच्या रांगेत बस म्हणजे हात दिसतील. आणि वाजवायची संधी मिळाली तर वाजव. चुकशील. चुकू दे, आपण मुलांना दर रिसाइटलला हेच तर करायला लावतो.

प्रश्न : नमस्कार. मी गेल्या कॉन्फरन्सहून गोंधळून परत आलो. एक स्पीकर म्हणाले मिडल सी (कीबोर्डच्या मधोमधचा सी) पद्धत जुनाट, लँडमार्क नोट्सनी शिकवा. दुसरे म्हणाले आधी कागद दाखवूच नका, ऐकून वाजवू द्या. तिसऱ्या बाई म्हणाल्या पहिल्या महिन्यापासून सगळ्या कीज, म्हणजे सगळ्या पट्ट्या. मी गेली १६ वर्षं मिडल सीनंच शिकवतोय आणि माझी मुलं वाजवतात. मी काय आजवर चूक करत होतो का?

उत्तर : सर, तुमचं पत्र सगळ्यात जास्त आवडलं, कारण गोंधळून परत येणारा माणूस निदान ऐकून तरी आलेला असतो. चूक नाही, पण प्रत्येक पद्धतीचं एक ठरलेलं दुखणं असतं आणि ते माहीत असायला हवं.

मिडल सीमध्ये दोन्ही अंगठे एकाच कीवर ठेवून मूल सुरू करतं, लगेच गाणी वाजतात, पालक खूश. दुखणं असं की मूल नोट वाचत नाही, बोटाचा नंबर वाचतं. त्याच्या डोक्यात तीन नंबर म्हणजे ई असं पक्कं बसतं आणि हात जरा सरकवला की सगळं कोसळतं. तुमच्याच एखाद्या स्टुडंटवर करून बघा, ओळखीचा पीस घ्या, नंबर खोडून टाका आणि वेगळ्या बोटानं सुरू करायला सांगा. वाजवला तर काळजी नाही. माझ्याकडे दहातले सात अडले होते, तोवर मी पण वर्षानुवर्षं तेच करत होते.

लँडमार्कवाली पद्धत अमेरिकन पियानो टीचर फ्रान्सिस क्लार्क यांच्या कामातून पसरली. तीन नोट्स पक्क्या करायच्या, मिडल सी, त्याच्या वरचा जी आणि खालचा एफ, आणि बाकी सगळं अंतरानं वाचायचं, एक पाऊल वर, एक उडी खाली. वरचा जी आणि खालचा एफच का, तर ट्रेबल क्लेफचं (वरच्या सुरांच्या ओळींपुढच्या खुणेचं) वेटोळं जीच्या रेषेभोवती असतं आणि बास क्लेफचे (खालच्या सुरांच्या खुणेचे) दोन ठिपके एफच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे खूण पानावर छापलेलीच आहे (मला स्वतःला हे शिकवायला लागल्यावर कळलं, शिकत असताना कुणी सांगितलंच नाही). यानं वाचन जोरात सुधारतं, पण सुरुवातीचे काही आठवडे गाण्यासारखं काही वाजत नाही आणि घाईची मुलं कंटाळतात.

ऐकून वाजवायचं म्हणजे जपानी व्हायोलिन टीचर सुझुकींचा विचार, मूल मातृभाषा आधी बोलतं आणि नंतर वाचतं, तसंच संगीत. कान सुंदर तयार होतो, हाताची ठेवण पण, कारण डोळे पुस्तकात अडकलेले नसतात. दुखणं उघड आहे, वाचन जितकं लांबवाल तितका पुढे राग येतो, कारण हात अवघड वाजवत असतो आणि वाचन पहिलीतलं असतं. आणि सगळ्या कीजवाली वाट अमेरिकन पियानो टीचर रॉबर्ट पेस यांच्या नावानं ओळखली जाते, पाच बोटांची पोझिशन लवकरच सगळ्या मेजर कीजमध्ये फिरवायची, काळ्या कीजची भीती जाते, ट्रान्सपोज करणं (तेच गाणं दुसऱ्या पट्टीत वाजवणं) खेळ वाटतं. ग्रुपमध्ये फार छान चालतं, एकेकट्या लाजऱ्या मुलाला मात्र ते ओझं होतं असा माझा अनुभव.

हल्लीची बरीचशी मेथड बुक्स या सगळ्याची खिचडीच करतात. स्टेजवरचा माणूस मात्र खिचडी विकू शकत नाही, त्याला ४५ मिनिटांत एकच गोष्ट ठासून सांगायची असते म्हणून तो दुसऱ्याला जुनाट म्हणतो. तुम्ही १६ वर्षांचं काही टाकू नका. पुढचा जो नवीन स्टुडंट येईल त्या एकालाच लँडमार्कनं सुरू करा, तीन महिने. जुन्यांना हात लावू नका. मी एकदा कॉन्फरन्सहून येऊन सगळ्यांचं सगळं एका आठवड्यात बदललं होतं, दोन मुलं सोडून गेली आणि एका आईनं विचारलं, टीचर, तुमची तब्येत बरी आहे ना.

प्रश्न : माझा हात लहान आहे, ऑक्टेव्ह (एका सी पासून पुढच्या सी पर्यंतचं अंतर) जेमतेम बसतो, आणि गेलं वर्षभर मनगट दुखतंय. कॉन्फरन्समध्ये हातांच्या आरोग्यावर सेशन होतं, तिथे म्हणाले रिलॅक्स करा. रिलॅक्स म्हणजे नक्की काय करू?

उत्तर : वर्षभर दुखतंय म्हणजे आधी डॉक्टर, तेही हाताचं कळणारे. हे सदर त्याच्यानंतर. शूमनसारख्या मोठ्या संगीतकाराचा उजवा हात बिघडला आणि पियानिस्ट व्हायचं राहूनच गेलं, दुखण्यावर वाजवत राहणं हा मोठेपणा नाही.

"रिलॅक्स करा" हे वाक्य मला पण चीड आणतं, पूर्ण सैल हात पियानोवरून खाली पडेल. त्यापेक्षा वाद्यात काय होतं ते बघा. की साधारण एक सेंटिमीटर खाली जाते आणि तिला हलवायला पन्नासेक ग्रॅमच वजन लागतं. की तळाला पोचायच्या जरा आधीच हॅमर सुटतो आणि एकटा तारेवर जाऊन आपटतो. म्हणजे आवाज केवढा येणार हे तोवर ठरून गेलेलं असतं, त्यानंतर तुम्ही की कितीही दाबून धरा, आवाजात काही फरक नाही, फक्त मनगटात दुखणं जमा होतं. म्हणून रिलॅक्सचा अर्थ एवढाच, आवाज आला की दाब सोडा, की खाली राहील इतकंच वजन ठेवा. एकच नोट घ्या, वाजवा, आणि धरून ठेवून मनगट हलतंय का बघा. हललं तर ठीक. बेंचची उंची पण बघा, कोपर कीजच्या पातळीत हवं, आणि मनगट करंगळीकडे वाकडं करून बसत असाल तर तेही बघा, लहान हाताचे लोक ऑक्टेव्हसाठी हे नकळत करतात.

लहान हाताबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळंच आहे, दोष हाताचा नाही. नेहमीच्या पियानोवर ऑक्टेव्ह साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि बायकांच्या हाताचा पसारा सरासरीनं पुरुषांपेक्षा कमी, तरी माप सगळ्यांना एकच! जोसेफ हॉफमनसारख्या नावाजलेल्या पियानिस्टनं स्टाइनवेकडून स्वतःसाठी अरुंद कीजचे पियानो बनवून घेतले होते. आता साडेपाच आणि सहा इंची ऑक्टेव्हचे कीबोर्ड मिळतात, काही कॉन्फरन्समध्ये ते वाजवून बघायला ठेवलेले असतात. दिसला तर बसाच. मी पहिल्यांदा बसले तेव्हा जो कॉर्ड मी आयुष्यभर तोडून वाजवला तो सरळ एकदम वाजला आणि मला रडूच आलं, शेजारी सेल्समन उभा होता, बिचारा घाबरला.

प्रश्न : ऑनलाइन कॉन्फरन्स केली तर चालेल का?

उत्तर : भाषणांसाठी उत्तम, थांबवून परत ऐकता येतं. टच आणि पेडलच्या सेशनसाठी निरुपयोगी. झूमसारखी ॲप्स माणसाचं बोलणं नीट यावं म्हणून मागचा आवाज दाबतात, आणि पियानोची लांब धरलेली नोट त्यांना मागचा आवाजच वाटते, मध्येच गिळून टाकतात. तुम्ही स्वतः ऑनलाइन शिकवत असाल तर सेटिंगमध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करा, बराच फरक पडतो. ड्युएट मात्र विसरा, आवाज पोचायला वेळ लागतो, दोघं एकत्र वाजवूच शकत नाही.

प्रश्न : दर वेळी फाइल भरून नोट्स आणते, कपाटात जातात, पुढच्या कॉन्फरन्सपर्यंत उघडत नाही. तुमचं पण असंच होतं का?

उत्तर : होतं. माझ्या कपाटात अशा फाइल्सची थप्पी आहे आणि त्यातली एक तर मी कोणत्या कॉन्फरन्सची ते पण विसरलेय.

आता मी एवढंच करते, परत येताना प्रवासातच, घरी पोचायच्या आत, एक गोष्ट निवडते आणि ती कोणत्या स्टुडंटवर, कोणत्या दिवशी करणार ते डायरीत लिहिते. मागच्या वेळी निवडलं होतं आलटून पालटून प्रॅक्टिस. म्हणजे अवघड जागा तीन असतील तर पहिलीच वीस वेळा घासायची नाही, पहिली दोनदा, मग दुसरी दोनदा, मग तिसरी, परत पहिली. करताना वाईट वाटतं, प्रत्येक वेळी हात विसरल्यासारखा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी जास्त टिकतं, यावर संशोधनही भरपूर झालंय. हे मी १३ वर्षांच्या एका मुलीला करायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, टीचर, याने माझं आणखी बिघडतंय. मी म्हटलं, कर अजून एक आठवडा. दुसऱ्या आठवड्यात काही बोलली नाही, नुसतं वाजवलं, बरं वाजवलं. मग वह्या भरता भरता विचारते, "तुम्ही पण असंच करता का प्रॅक्टिस?"

मी म्हटलं, उद्यापासून.